चिपवरची प्रतिकारशक्ती : लसीची परीक्षा आता माणसाच्याच पेशींवर

जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. मृत पक्ष्यांचे नमुने तपासणीसाठी पाठविण्यात आले आणि त्यात बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात कोंबड्यांमध्येही हा रोग आढळला. महाराष्ट्राला हा पाहुणा नवीन नाही. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथेच नोंदविला गेला होता.

पक्ष्यांचा हा रोग माणसाला क्वचितच होतो. परंतु होतो तेव्हा तो घातक ठरतो. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ या विषाणूची १८ जणांना लागण झाली आणि त्यातील ६ जण दगावले. भारतात या विषाणूने झालेला पहिला मानवी मृत्यू जुलै २०२१ मध्ये दिल्लीत नोंदला गेला. दगावलेला रुग्ण हरियाणातील ११ वर्षांचा मुलगा होता. उद्या हा विषाणू माणसांमध्ये सहज पसरू लागला, तर लस लागेल. ती लस माणसाच्या शरीरात काय करील, हे ती टोचण्यापूर्वी कसे कळणार? निरोगी माणसाला मुद्दाम बर्ड फ्लूची लागण करून पाहता येत नाही. आजवर या प्रश्नाचे उत्तर उंदीर, फेरेट आणि माकड यांच्याकडून मिळविले जात होते. गेल्या दीड दशकात त्यांच्या जोडीला एक नवे साधन आले आहे. ते म्हणजे 'ऑर्गन चिप', अर्थात माणसाच्या जिवंत पेशी सामावून घेणारी, बोटाएवढी पारदर्शक पट्टी.

माकडांच्या शोधात

प्राण्यांवरील चाचण्यांची अडचण महाराष्ट्राने करोनाच्या काळात अगदी जवळून पाहिली. २०२० मध्ये पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि भारत बायोटेक ही कंपनी 'कोव्हॅक्सिन' लस विकसित करीत होती. लस माणसांना देण्याबरोबरच ती माकडांमध्ये संरक्षण देते की नाही, हे तपासणे आवश्यक होते. त्यासाठी लाल तोंडाची, म्हणजे रेशस जातीची माकडे हवी होती. परंतु प्रयोगशाळेसाठी अशी माकडे वाढविण्याची सोय देशात नव्हती.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हा प्रसंग सांगितला आहे. देशभरातील प्राणिसंग्रहालये व संस्थांकडे विचारणा झाली. पण तेथील माकडे वयस्क होती. टाळेबंदीमुळे वस्त्यांमधील खाणे बंद झाल्याने मोकळी माकडे जंगलात दूर निघून गेली होती. अखेर वन विभागाच्या मदतीने बरीच भटकंती केल्यानंतर नागपूरजवळ ती सापडली. ती पुण्याला आणण्यात आली, त्यांना आधीपासून क्षय किंवा करोना नाही ना हे पाहण्यात आले, आणि मग अतिसुरक्षित प्रयोगशाळेत २० माकडांवर प्रयोग झाला. पाच-पाचचे चार गट करण्यात आले होते. लस मिळालेल्या माकडांच्या फुफ्फुसात न्यूमोनिया आढळला नाही. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हा प्रयोग उपयोगी ठरला, यात शंका नाही. पण साथ दाराशी आलेली असताना वीस माकडांसाठी जंगल पालथे घालावे लागणे, ही विज्ञानाच्या दृष्टीने सोयीची स्थिती नव्हे. त्याच सुमारास चीनने वन्य प्राण्यांची निर्यात थांबविल्याने जगभरच प्रयोगासाठी माकडांची टंचाई निर्माण झाली होती.

माकड म्हणजे माणूस नव्हे

टंचाईपेक्षाही गंभीर प्रश्न आहे तो विश्वासार्हतेचा. १३ मार्च २००६ रोजी लंडनमधील नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात 'टीजीएन १४१२' नावाच्या औषधाची पहिली मानवी चाचणी झाली. प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशींना चालना देणारे हे औषध होते. माकडांमध्ये ते सुरक्षित ठरले होते आणि माणसांना दिलेली मात्रा माकडांमधील सुरक्षित मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाएवढी होती. तरीही औषध मिळालेले सहाही निरोगी तरुण दीड-दोन तासांत आजारी पडले आणि पुढे त्यांचे अनेक अवयव निकामी होऊ लागले. त्यांच्या प्रतिकारयंत्रणेने दाहकारक रसायनांचा महापूर सोडला होता. सर्वांचे प्राण वाचले, पण हानी झालीच.

नंतरच्या संशोधनात याचे कारण उमगले. हे औषध टी-पेशींवरील ज्या खुणेला चिकटते, ती खूण माणसाच्या 'स्मृती' टी-पेशींवर असते; प्रयोगातील माकडांच्या तशाच पेशींवर ती नव्हती. कुलूपच नसेल, तर किल्ली फिरण्याचा प्रश्न येत नाही. हृदय किंवा हाडे यांच्या तुलनेत प्रतिकारयंत्रणेत प्राण्या-प्राण्यांतील फरक अधिक असतो, कारण प्रत्येक प्रजाती लाखो वर्षे वेगवेगळ्या जंतूंशी लढत आली आहे. म्हणूनच प्रतिकारशक्तीच्या अभ्यासात मानवी पेशींवर आधारित साधनांची गरज सर्वाधिक जाणवते.

चिप म्हणजे नेमके काय?

'चिप' म्हटले की संगणक डोळ्यांसमोर येतो. या चिपमध्ये विजेचे मंडल नसते. नाव आले ते बनविण्याच्या पद्धतीवरून. संगणकाची चिप घडविताना वापरले जाणारे सूक्ष्म कोरीवकामाचे तंत्र येथे सिलिकॉन रबरासारख्या लवचिक, पारदर्शक पदार्थावर वापरले जाते. पेनड्राइव्हएवढ्या या पट्टीत सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद असे दोन समांतर मार्ग असतात. दोहोंमध्ये अतिशय पातळ, सच्छिद्र पडदा असतो. एका मार्गात अवयवाच्या पेशी आणि दुसऱ्या मार्गात रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशी वाढवितात. मार्गांमधून पोषक द्रव संथ गतीने वाहता ठेवला जातो.

हे वाहणे महत्त्वाचे आहे. काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशी साचलेल्या पाण्यासारख्या द्रवात राहतात आणि काही दिवसांत आपला स्वभाव विसरतात. शरीरात मात्र पेशींना रक्ताचा प्रवाह, शेजारच्या पेशींचा स्पर्श आणि अवयवाची हालचाल सतत जाणवत असते. चिपमध्ये ही परिस्थिती शक्य तेवढी निर्माण केली जाते.

२०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या वीस संस्थेतील डोनाल्ड इंगबर आणि डॅन ह्यू यांच्या गटाने फुफ्फुसाची अशी चिप 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. पडद्याच्या एका बाजूला वायुकोशाच्या पेशी व हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी व द्रव. कडेच्या पोकळ्यांतील हवा लयीत ओढली की पडदा ताणला जाई आणि सैल होई. चिप जणू श्वास घेई. संशोधकांनी हवेच्या बाजूला जिवाणू सोडले आणि रक्ताच्या बाजूने पांढऱ्या पेशी. पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटल्या, पडद्याच्या छिद्रांतून पलीकडे गेल्या आणि जिवाणूंना गिळू लागल्या. शरीरात घडणारी ही चकमक सूक्ष्मदर्शकाखाली घडताना पाहता आली.

'अवधाण' चिपमध्ये

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते. ग्रामीण भागात तिला 'अवधाण' म्हणतात. ही गाठ म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. प्रतिकारयंत्रणेतील बी-पेशी आणि टी-पेशी तेथे एकत्र येतात, जंतूची ओळख पटवितात आणि त्यावर नेम धरणारी प्रतिपिंडे तयार करण्याची तयारी होते. दंडावर घेतलेल्या लसीचे खरे काम काखेतील अशाच ग्रंथींमध्ये चालते. लस यशस्वी ठरणार की नाही, हे तेथील सूक्ष्म पुटकांमध्ये ठरते.

२०२२ मध्ये वीस संस्थेतीलच गिरिजा गोयल आणि सहकाऱ्यांनी ही पुटके चिपवर तयार झाल्याचे 'ॲडव्हान्स्ड सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांनी रक्तदात्यांच्या रक्तातील बी आणि टी-पेशी वेगळ्या केल्या, त्या जेलीसारख्या पदार्थात मिसळून चिपच्या एका मार्गात भरल्या आणि शेजारच्या मार्गातून पोषक द्रव वाहता ठेवला. कोणतीही सूचना न देता या पेशी एकत्र येऊन लसिकाग्रंथीतल्यासारखी पुटके तयार करू लागल्या. प्रवाह नसेल, तर पुटके तयार होत नसत आणि पेशी विनाकारण उत्तेजित होत.

त्यानंतर त्याच रक्तदात्याच्या डेंड्रिटिक पेशी, म्हणजे जंतूचे तुकडे उचलून इतरांना दाखविणाऱ्या 'खबऱ्या' पेशी, चिपमध्ये घालण्यात आल्या आणि फ्लूची लस सोडण्यात आली. चिपमध्ये प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी आढळल्या. फ्लूच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडेही मिळाली. साध्या बशीतील पेशींपेक्षा हा प्रतिसाद सरस होता. लसीचा परिणाम वाढविणारे सहायक द्रव्य मिसळल्यावर तो आणखी वाढला. लस घेतलेल्या माणसांत आढळणारी संदेशवाहक रसायनेही चिपमध्ये दिसून आली.

याला समांतर असा आणखी एक मार्ग स्टॅनफर्ड विद्यापीठातील मार्क डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये दाखविला. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या टॉन्सिलच्या पेशी पुन्हा एकत्र वाढविल्या असता, त्याही लसीला प्रतिसाद देऊन प्रतिपिंडे तयार करतात, असे त्यात आढळले. एरवी कचऱ्यात जाणारी गाठ संशोधनाला उपयोगी पडू शकते, हे यातून स्पष्ट झाले.

श्वास, क्षय आणि कुपोषण

चिपमुळे काही अनपेक्षित गोष्टीही पुढे आल्या. २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फ्लूची लागण झालेल्या दोन प्रकारच्या फुफ्फुस-चिप्सची तुलना करण्यात आली. एक स्थिर, दुसरी श्वासाच्या लयीत ताणली जाणारी. श्वास घेणाऱ्या चिपमध्ये विषाणूची वाढ लक्षणीयरीत्या कमी झाली. फुफ्फुसाची हालचाल हाच पेशींच्या प्रतिकाराचा एक भाग असल्याचे त्यातून सूचित झाले. साध्या बशीत हे कधीच दिसले नसते.

मराठवाड्याच्या दृष्टीने अधिक जवळचा विषय म्हणजे क्षयरोग. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे विवेक ठक्कर आणि जॉन मॅकिन्नी यांच्या गटाने २०२० मध्ये क्षयाच्या संसर्गाचे पहिले काही दिवस चिपवर पाहिले. या प्रयोगात उंदरांच्या पेशी वापरल्या होत्या. वायुकोशांना आतून वंगणासारखे आवरण घालणारा 'सर्फॅक्टंट' हा पदार्थ पुरेसा असेल, तर क्षयाच्या जंतूंची वाढ रोखली जाते आणि तो कमी पडला तर जंतू बेसुमार वाढतात, असे त्यांना आढळले. एकच जंतू श्वासात घेणाऱ्या दोघांपैकी एकालाच क्षय का होतो, या जुन्या कोड्याचा एक धागा येथे हाती लागतो.

तिसरे उदाहरण आतड्याचे. अस्वच्छ पाणी आणि अपुरे अन्न यांमुळे गरीब वस्त्यांतील मुलांच्या आतड्याचे अस्तर हळूहळू झिजते. अशी मुले खुंटतात आणि तोंडावाटे दिलेल्या लसींना त्यांचे शरीर कमी प्रतिसाद देते. २०२२ मध्ये वीस संस्थेच्या संशोधकांनी हा विकार असलेल्या रुग्णांच्या व निरोगी व्यक्तींच्या आतड्याच्या पेशी चिपवर वाढविल्या आणि पोषक द्रवातून काही आवश्यक घटक वगळले. दोन्हींमध्ये अस्तरावरील सूक्ष्म उंचवटे आखूड झाले आणि अस्तर झिरपू लागले.

याचा व्यवहारातील अर्थ रोटाव्हायरसच्या लसीने दाखवून दिला आहे. अतिसारावरील भारतीय बनावटीच्या 'रोटाव्हॅक' लसीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथील ६,७९९ अर्भकांवर झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार आयुष्याच्या पहिल्या वर्षात तीव्र अतिसारापासून मिळणारे संरक्षण सुमारे ५६ टक्के होते. या लसीने असंख्य मुलांचे प्राण वाचतात, म्हणूनच ती २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली. परंतु रोटाव्हायरसविरोधी लसींनी श्रीमंत देशांत ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलेले आहे. लसीचा गुण केवळ कुपीत नसतो. ती ज्या शरीरात जाते, त्या शरीरावरही तो अवलंबून असतो.

रक्त कोणाचे?

येथेच नांदेड-लातूरच्या वाचकाशी या विषयाचा थेट संबंध येतो. चिप ही रिकामी पट्टी आहे. तिला प्रतिकारशक्ती मिळते ती तिच्यात भरलेल्या पेशींमुळे. बोस्टनमधील रक्तदात्याच्या पेशी भरल्या, तर चिप बोस्टनच्या माणसासारखे उत्तर देईल. त्या माणसाच्या लहानपणीचा आहार, त्याला होऊन गेलेले आजार, त्याच्या पेशींनी 'लक्षात ठेवलेले' जंतू वेगळे असतात. ऊसतोडीच्या फडावर वाढलेल्या मुलाची, घरात क्षयरुग्ण असलेल्या बाईची किंवा मधुमेह जडलेल्या शहरी प्रौढाची प्रतिकारशक्ती त्या पेशींत उमटणार नाही. माकडाच्या जागी माणूस आला, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. कोणता माणूस आला, हे पाहावे लागते.

मराठवाड्याकडे या कामासाठी लागणारा पाया नाही, असे नव्हे. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आणि लातूरचे २००२ पासून कार्यरत आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. तेथे सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. 'लातूर पॅटर्न'मधून दरवर्षी मोठ्या संख्येने विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणाकडे वळतात. टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया आणि रक्तदान शिबिरे या दोन्ही शहरांत नित्याची बाब आहे.

रक्तातील प्रतिकारपेशी वेगळ्या करण्याचे काम रक्त काढल्यापासून एका दिवसाच्या आत झालेले बरे असते. लातूरहून रात्री निघालेली मुंबईची गाडी पहाटे पुण्यात पोहोचते. नांदेडहून हैदराबादही एका रात्रीच्या प्रवासावर आहे. म्हणजे येथील रक्ताचे नमुने मोठ्या प्रयोगशाळांपर्यंत वेळेत पोहोचविणे अशक्य नाही. अट एकच - दात्याची संमती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, संशोधनासाठी नमुना घेताना त्याचा उपयोग दात्याला समजेल अशा भाषेत सांगावा लागतो आणि नैतिकता समितीची मान्यता घ्यावी लागते. रुग्णासाठी म्हणून दिलेले रक्त परस्पर प्रयोगशाळेत जाता कामा नये.

कायदा बदलला

नियमांच्या पातळीवर वारे बदलले आहे. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने नव्या औषधांसाठी प्राण्यांवरील चाचण्या आवश्यक ठरविल्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये ही सक्ती उठविण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने काही प्रकारच्या औषधांसाठी प्राणीचाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडा जाहीर केला. भारतात मार्च २०२३ मध्ये नवी औषधे व वैद्यकीय चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार मानवी चाचणीपूर्वीच्या तपासण्यांमध्ये पेशींवरील चाचण्या, ऑर्गन चिप आणि संगणकीय प्रारूपे यांना स्थान मिळाले.

देशात या क्षेत्राशी निगडित काम मोजक्या ठिकाणी चालते. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या परिसरात मानवी प्रारूपांना चालना देणारे केंद्र आहे. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्राजक्ता दांडेकर यांचा गट प्राण्यांना पर्याय ठरणाऱ्या पेशी-प्रारूपांवर काम करतो. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र संशोधकांना पेशींचे वाण पुरविते.

मर्यादाही तेवढ्याच खऱ्या

चिपकडून चमत्काराची अपेक्षा करणे चुकीचे ठरेल. शरीरातील प्रतिकारयंत्रणा एका जागी बसलेली नसते. अस्थिमज्जेत जन्मलेली पेशी रक्तातून ग्रंथीत, तेथून फुफ्फुसात किंवा आतड्यात जाते. एका पट्टीत हा सारा प्रवास मावत नाही. चिप काही आठवडे टिकते. लसीचे संरक्षण पाच वर्षांनी किती उरेल, हे ती सांगू शकत नाही. निरनिराळ्या दात्यांच्या पेशी एकत्र केल्या, तर त्या एकमेकींनाच परके समजून लढू लागतात. त्यामुळे शक्यतो एकाच दात्याच्या पेशी वापराव्या लागतात. चिप ज्या रबरापासून बनते, ते काही औषधे शोषून घेते. खर्चही कमी नाही.

मात्र जेथे मोजणी झाली, तेथे निकाल आश्वासक आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८७० यकृत-चिप्सवर २७ औषधे तपासण्यात आली. प्राणीचाचण्या पार करूनही माणसांच्या यकृताला अपाय करणारी औषधे त्यात होती. अशा घातक औषधांपैकी ८७ टक्के चिपने अचूक ओळखली आणि एकाही निर्धोक औषधाला दोषी ठरविले नाही. प्रतिकारशक्तीच्या चिपची एवढी कसून परीक्षा अद्याप व्हायची आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस सशांवर तपासल्यानंतर पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ससा आणि माणूस यांच्यामधले अंतर ओलांडण्यासाठी तेव्हा स्वतःचे शरीर पणाला लावण्यावाचून पर्याय नव्हता. आज त्या अंतरावर एक लहानसा पूल उभा राहत आहे. उदगीरच्या कावळ्यांमध्ये सापडलेला विषाणू उद्या माणसांत पसरलाच, तर त्यावरील लसीची पहिली परीक्षा कदाचित या पुलावर होईल. त्या वेळी चिपमधील काही पेशी उदगीरच्या, लोह्याच्या माणसांच्याही असाव्यात, याची तजवीज मात्र आजच करावी लागेल.

ठळक टप्पे

- १८९७ : मुंबईत हाफकिन यांच्याकडून प्लेगची लस प्रथम स्वतःवर
- २००६ : नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक, लंडनमध्ये 'टीजीएन १४१२' चाचणीची दुर्घटना
- २०१० : श्वास घेणारी फुफ्फुस-चिप
- २०२० : कोव्हॅक्सिनसाठी माकडांचा शोध, क्षयाच्या संसर्गाचा चिपवर अभ्यास
- २०२२ : लसिकाग्रंथीची पुटके चिपवर, अमेरिकेत प्राणीचाचण्यांची सक्ती रद्द
- २०२३ : भारतीय नियमांत ऑर्गन चिपचा समावेश
- २०२५ : लातूर व नांदेड जिल्ह्यांत पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू